अप्रतिम दिवाण

आमच्या दैनिकाचे जुने नाट्यसमीक्षक मुलाकडे नाशिकला राहायला गेले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. खरीखुरी, चाकांची खुर्ची त्याच दुपारी क्रीडा विभागाने पळवली. उरली होती ती न दिसणारी खुर्ची मी मागितली. मी तेव्हा खाद्यविभागात होते. दर आठवड्याला थालीपिठाचा एक नवा प्रकार शोधून काढायचा हे माझं काम. भाजणीत क्विनोआ घालायची वेळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या विषयात जगाला सांगण्यासारखं माझ्यापाशी आता काही उरलेलं नाही.

संपादक चंद्रप्रकाश सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "नीला, नाटकातलं काय शिकलीयस तू?"

"नाटकं बघते खूप."

"मी क्रिकेट खूप बघतो. मला कुणी अंपायर करत नाही." मग माझा चेहरा बघून थोडे निवळले. "कुठेतरी नीट शिकून ये. एक परीक्षण लिहून दाखव. जमलं तर सदर तुझं."

एक परीक्षण. सहाशे शब्द. माणसं याहून मोठे अर्ज बँकेत भरतात. पण या सहाशे शब्दांपायी पुढे जे काही झालं ते मी आज शांतपणे सांगू शकते, कारण मधल्या काळात मी अपमानाला बऱ्यापैकी सरावले आहे.

शिकायचं कुठे, याचा शोध घेताना अंधेरीत नाट्यसमीक्षेची शनिवारची कार्यशाळा सापडली. मी मुलुंड पूर्वेला राहते. मुलुंडहून अंधेरीला शनिवारी जाणं म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर बसमध्ये बसून आपल्या आयुष्याचा फेरविचार करणं. नवरा, मुकुल, म्हणाला, "अगं, यूट्यूबवर बघ ना." मी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की त्याने स्वतःहून डबा भरायला घेतला.

खालच्या मजल्यावरच्या लवूकाकांना बातमी लागायला वेळ लागला नाही. ते मालवणचे, आणि दशावतारावर वाढलेले. जिन्यात अडवून म्हणाले, "गो नीला, नाटक तू बघतलंस आणि पेपरात लिवतलंस? मगे लोकांनी काय करूचा?"

"काका, चांगलं की वाईट ते लोकांना कळायला नको?"

"वायट आसला तर निजान रवाचा. लिवचा कित्याक?"

वाईट असेल तर झोपून जावं, लिहायचं कशाला? या एका प्रश्नाला नाट्यसमीक्षेच्या इतिहासात नीट उत्तर नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त बस चुकेल म्हणून सटकले.

कार्यशाळा एका शाळेच्या वर्गात होती. बाक दुसरीच्या मुलांचे. गुडघे हनुवटीला लावून आम्ही पाचजण बसायचो आणि शर्मिष्ठा मॅडम उभ्या राहून शिकवायच्या. मॅडमनी उभं आयुष्य नाटकं बघण्यात घालवलेलं. कुठल्याही वाक्यावर त्या आधी थांबायच्या, मग डोळे मिटायच्या, आणि मग ते वाक्य नापास करायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "विशेषणं बंद. सुंदर, प्रभावी, हृदयस्पर्शी, दमदार. हे शब्द नटाबद्दल काही सांगत नाहीत. तुम्हाला घरी जायची घाई आहे, एवढंच सांगतात. काय घडलं ते लिहा. कोण काय बोललं, कसं बोललं, आणि त्याने समोरच्यांचं काय झालं."

मी हात वर केला. "मॅडम, चांगलं झालं असेल तर चांगलंही म्हणायचं नाही?"

"चांगलं झालं असेल तर तुमच्या वाक्यातून ते कळलं पाहिजे. थालीपीठ खुसखुशीत झालंय असं सांगत बसता का? आवाज येतो की तोडताना."

माझा पूर्वेतिहास त्यांना कुणी सांगितला होता कोण जाणे.

मी शिकले मात्र झटून. मुकुलने केलेल्या आमटीबद्दलसुद्धा मी विशेषण न वापरता बोलायला लागले, आणि घरात अबोला झाला. टीव्हीवरच्या मालिकेत सून जिन्यावरून पडली तर मी "तिसऱ्या पायरीवर ती थांबली कशाला?" असं विचारायचे. सासूबाई फोनवर म्हणाल्या की हा अभ्यासक्रम लवकर संपलेला बरा.

शेवटचा गृहपाठ होता, चालू असलेल्या नाटकाचं परीक्षण छापून आणणं. मी मुलुंडच्या नाट्यगृहात लागलेलं पहिलं नाटक निवडलं. नाव होतं "बेल कोणी वाजवली?" जाहिरातीत निर्मात्याचं नाव बारीक अक्षरात असतं. ते मी वाचलं नाही. समीक्षकाने निर्माता बघू नये, असं मॅडमनी सांगितलंच होतं. पण निदान आपल्या डोक्यावर कोण राहतं एवढं माणसाने बघावं.

निर्माते होते श्यामसुंदर वैद्य. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, आणि आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटचे मालक. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं ट्रेकला जातात, बागकाम करतात. वैद्यसाहेब नाट्यनिर्माते झाले होते, आणि सोसायटीत कुणाला पत्ता नव्हता. त्यांच्या बाथरूममधून आमच्या बाथरूमच्या छतात पाणी मुरत होतं. प्लंबरला त्यांच्या घरात फरशी उकलू द्यायची परवानगी द्यायला ते वर्षभर "बघू" म्हणत होते. या पार्श्वभूमीवर मी नाटकाला गेले, आणि निर्माते तेच आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

आता ओळखपत्राचं. ऑफिसने मला नवीन कार्ड दिलं नव्हतं, कारण अजून मी अधिकृत समीक्षक नव्हते. जुन्या कार्डावर माझं नाव, फोटो, आणि खाली ठळक "खाद्यविभाग". नाट्यगृहाच्या दारावर मी ते कार्ड दाखवलं आणि शक्य तितक्या गंभीर आवाजात म्हटलं, "परीक्षणासाठी आलेय."

डोअरकीपरने कार्ड वाचलं, परत वाचलं, आणि म्हणाला, "मॅडम, एक मिनिट." मला वाटलं हा मला राखीव खुर्चीकडे नेतोय. त्याने मला कँटीनमध्ये नेलं.

कँटीनवाल्याच्या चेहऱ्यावरचं पीठ आणि रंग एकदमच उतरले. "मॅडम, तेल आजचंच आहे. बघा तुम्ही." मला कढईत बघायला लावलं. बटाट्यांचा डबा उघडून दाखवला. पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं. मी सांगत होते, अहो, मी नाटकाची. तो म्हणत होता, हे सगळं नाटक नाही मॅडम, रोज असंच स्वच्छ असतं. तिकडे तिसरी घंटा झाली, पडदा उघडल्यावरच्या टाळ्यांचा आवाज आला, आणि मी हातात बशी घेऊन उभी. बशीत चार वडे. सरकारी तपासणी निर्विघ्न पार पडल्याबद्दल.

आत जाऊन बसले तेव्हा पहिला प्रवेश संपत आला होता. पहिला प्रवेश न बघता परीक्षण लिहिणारे लोक असतात, असं मॅडम म्हणायच्या, आणि तेव्हा त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा माझ्यामुळे होऊ नये असं मला वाटलं. म्हणून पुढच्या रविवारी मी मुकाट्याने तिकीट काढलं, ओळखपत्र घरी ठेवलं, आणि नाटक परत पहिल्यापासून बघितलं. मुकुल म्हणाला, "एवढं कोण करतं?" मी म्हटलं, मी करते.

परीक्षण लिहायला तीन दिवस लागले. नाटकाची गोष्ट अशी, की एका घरात दारावरची बेल वाजते, कुणी दिसत नाही, आणि घरातला प्रत्येकजण दुसऱ्यावर संशय घेतो. मी लिहिलं की पहिला अंक पळतो. मी लिहिलं की दुसऱ्या अंकात नाटकाला गळती लागते. नायिका श्वेता सामंत दुसऱ्या अंकात माहेरी वडिलांना फोन करते, त्यावर मी लिहिलं, "त्यांचा आवाज ऐकता हा फोन करण्याची गरज नव्हती. माहेर खाडीपलीकडे गोराईला असतं तरी थेट पोहोचला असता." हे वाक्य मला स्वतःला आवडलं होतं. शेवटाकडे येताना दमून एक वाक्य घसरलं: "नेपथ्यातला दिवाण अप्रतिम आहे, त्यावर बसणाऱ्यांबद्दल तसं म्हणता येत नाही."

चंद्रप्रकाश सरांनी वाचलं, हसले, आणि जसंच्या तसं छापलं. मी त्या सकाळी तीन अंक विकत घेतले.

नऊच्या सुमाराला दार वाजलं. वैद्यसाहेब. हातात पेपर, घडी आमच्याच पानावर.

"नीलाताई, हे माझ्यावर आहे."

"तुमच्यावर? अहो, नाटकावर आहे. तुमचा काय संबंध?"

"निर्माता मी आहे." मी काही बोलायच्या आत त्यांनी वाचून दाखवलं. "दुसऱ्या अंकात नाटकाला गळती लागते. गळती. हा शब्द तुम्ही मुद्दाम घातलाय. माझ्या बाथरूमचा राग तुम्ही कलेवर काढलात."

मी सांगून पाहिलं. मराठीत गळती हा शब्द नाटकालाही लागतो, विद्यार्थ्यांनाही लागतो. पण त्याच वेळी आतून, आमच्या बाथरूममधून, टप्प असा आवाज आला. वैद्यसाहेबांनी तिकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वर निघून गेले. प्लंबरचा विषय संपला हे मला कळलं.

इथपर्यंतही ठीक होतं. प्रामाणिक समीक्षेची किंमत म्हणून मी छताखाली बादली ठेवली आणि मान ताठ ठेवली. शुक्रवारी नाटकाची मोठी जाहिरात आली. आमच्याच पेपरात. वर नाटकाचं नाव, मधे श्वेता सामंतचा फोटो, आणि खाली जाड टायपात: "अप्रतिम." त्यापुढे तीन उद्गारचिन्हं, आणि त्याखाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

दूधवाल्यापासून सुरुवात झाली. "ताई, तुम्ही सांगितलंय म्हणून रविवारची काढली तिकिटं." लवूकाका जिन्यात म्हणाले, "चेअरमनाक बरा खूष केलंस गो. आता नळ दुरुस्त होतलो." एवढ्या वर्षांत सोसायटीत मला कुणी लाचार म्हटलं नव्हतं, आणि आताही म्हणत नव्हते, माझं कौतुक करत होते. ते जास्त लागलं.

शर्मिष्ठा मॅडमचा फोन आला. डोळे मिटलेले असणार. मग म्हणाल्या, "नीला, सहाशे शब्दांत एकच विशेषण वापरलंस."

"हो मॅडम."

"तेच सापडलं त्यांना." आणि फोन ठेवला.

मी चंद्रप्रकाश सरांकडे गेले. खुलासा छापा म्हटलं. सर म्हणाले, जाहिरात विभाग वेगळा, संपादकीय वेगळा. मी जाहिरात विभागात गेले. ते म्हणाले, शब्द तुमचाच आहे ना, मग आम्ही काय खोटं छापलं? मी पुन्हा वर आले, तर सर म्हणाले, मग नाटकावर परत काहीतरी लिहून टाकू का? आणि लगेच स्वतःच, "नको. एका नाटकाला एकच परीक्षण. नियम आहे." कधी कुणी केला होता हा नियम, विचारलं. म्हणाले, आत्ता.

शेवटी मी आमच्या जिन्याचा एक मजला चढले. वैद्यसाहेबांनी दार उघडलं आणि मी बोलायच्या आतच हात जोडले. "या या. मी तुमच्याकडेच येणार होतो. रविवारी चार वाजता पंचविसावा प्रयोग आहे. मध्यंतरात तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ."

"वैद्यसाहेब, तो शब्द मी दिवाणाबद्दल लिहिला होता."

"दिवाण आमच्याच नाटकातला आहे." त्यांचा आवाज मग खाली आला. "नीलाताई, त्या जाहिरातीनंतर बुकिंगला पहिल्यांदा रांग लागली. प्रयोग बंद करायला आलो होतो मी. तुम्हाला काय त्रास आहे?"

मला काय त्रास होता हे त्यांच्या दारात उभं राहून सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या माणसाचं नाटक जगत होतं आणि माझ्या नावाने जगत होतं. पण ज्या माझ्या नावाने जगत होतं ती मी नव्हते. घरी येऊन मुकुलला म्हटलं, "सत्काराला जायचं."

"जायचं?" तो चपापला. "आणि?"

"आणि माईक मिळेल."

मुकुलने आयुष्यात मला बऱ्याच गोष्टींपासून परावृत्त करायचा प्रयत्न केला आहे. या वेळी तो फक्त म्हणाला, "स्कूटर दाराजवळ लावून ठेवतो."

रविवारी नाट्यगृह भरलं होतं. आमची अर्धी सोसायटी आलेली. लवूकाका दुसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. पहिला अंक पळाला. मध्यंतराला पडदा पडला, पुन्हा उघडला, आणि वैद्यसाहेबांनी मला स्टेजवर बोलावलं. शाल अंगावर आली, नारळ हातात आला. "ज्यांच्या एका शब्दाने आमच्या नाटकाला बळ दिलं," असं म्हणून त्यांनी माईक माझ्याकडे दिला.

नारळ काखेत धरून मी पर्समधून पेपरचं कात्रण काढलं. "तो एक शब्द तुम्ही वाचलाय," मी म्हटलं. "बाकीचे शब्द राहिलेत. तेवढे वाचते." आणि वाचायला लागले.

पहिल्या अंकाच्या कौतुकाला टाळ्या पडल्या. मग गळती आली. सभागृहात चुळबुळ झाली, आणि सोसायटीच्या रांगेत एक बारीक खसखस. गोराईच्या वाक्याला मागून एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "खरंय हो. माझ्या आईने कानातलं यंत्र काढून ठेवलंय." लोक हसले. दिवाणावर तर फारच हसले, काहीजण माना उंचावून माझ्यामागच्या दिवाणाकडे बघायला लागले. मी हसले नाही, कारण तेव्हा मला विंगेत उभी असलेली श्वेता सामंत दिसली. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात पदर. ती ऐकत होती. आवडलेलं वाक्य घरी बसून आवडणं वेगळं, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापासून दहा पावलांवर वाचणं वेगळं. मी अडखळले.

वैद्यसाहेब माझ्या शेजारीच उभे होते. माईक काढून घेता आला असता. "झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"शेवटची दोन वाक्यं आहेत."

त्यांनी प्रेक्षकांकडे बघितलं. "आज धरून किती वेळा बघितलंत?"

"तीनदा. एकदा तिकीट काढून."

"वाचा मग," ते म्हणाले. "हक्क आहे तुम्हाला."

मी वाचलं. टाळ्या पडल्या, कशासाठी ते वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. पायऱ्या उतरताना विंगेशी श्वेता आडवी आली. जवळून ती लहान दिसत होती, पंचवीस-सव्वीसची.

"ताई, त्या प्रवेशात वडिलांना ऐकू कमी येतं. लेखकाने लिहिलंय तसं. म्हणून ओरडते मी."

"सगळंच?"

"म्हणजे?"

"जेवले, झोपले, मजेत आहे, हे ओरडून सांगशील. ते ठीक आहे. पण मला इथे करमत नाही, हेही ओरडूनच?"

घंटा झाली होती. मी जाऊन खुर्चीत बसले. शाल गरम होत होती, पण काढली तर अपमान वाटेल म्हणून तशीच.

दुसरा अंक सुरू झाला आणि नेहमीसारखा रखडायला लागला. लवूकाकांची मान कलली. मग फोनचा प्रवेश आला. श्वेता दिवाणावर बसली, फोन कानाला लावला आणि ओरडली, "हो बाबा, जेवले. हो, वरणभात. नाही, थंडी नाही इथे." लोक हसले. मागच्या बाईंची आई पुन्हा यंत्राशी खटपट करत असावी. मग श्वेताने फोन थोडा खाली घेतला. तोंडापासून लांब. आणि जे वाक्य ती चोवीस प्रयोग ओरडत आली होती ते अगदी हळू, वडिलांना ऐकूच जाऊ नये असं म्हणाली. "मला इथे करमत नाही, बाबा." थांबली. फोन पुन्हा कानाला लावला. "काय? काही नाही हो. जेवले म्हटलं. जेवले." हे पुन्हा ओरडून.

लवूकाका जागे होते. त्यांची एक मुलगी नागपूरला दिलेली आहे. त्यांनी डोळे पुसले नाहीत, काही नाही, फक्त पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून बसले होते. विंगेच्या कडेला वैद्यसाहेब उभे होते, त्यांच्या हातात मी स्टेजवर विसरलेला नारळ होता, आणि तो त्यांनी छातीशी धरला होता.

पुढे नाटक संपलं. शेवट आधीइतकाच कच्चा होता. ते मी लिहीनच. मी बाहेर आले. श्वेता मागच्या दाराने मेकअप न पुसता धावत आली.

"ताई, शेवटच्या रांगेत ऐकू आलं?"

"आलं."

"मला वाटलं नाही येणार." आणि मला आणखी काही विचारायच्या आत कुणीतरी हाक मारली म्हणून पळाली.

लोक पांगत होते. मुकुल स्कूटर घेऊन दाराशी उभा होता, ठरल्याप्रमाणे, पळून जायच्या तयारीत. मी नाट्यगृहाच्या पायरीवर बसले आणि मोबाइल काढला.

"काय करतेस?"

"लिहितेय."

"एका नाटकाला एकच परीक्षण ना?"

"तो नियम सरांनी उभ्या उभ्या केलाय. मी बसून मोडणार आहे."

"छापतील?"

"छापायला लावीन. उद्या, परवा, तेरवा. छापेपर्यंत जाईन."

मुकुलने स्कूटर बंद केली आणि शेजारी येऊन बसला. शाल आम्ही दोघांनी मिळून पायरीवर अंथरली, दगड तापलेला होता. मी पहिलं वाक्य खोडलं, दुसरं खोडलं. तिसरं ठेवलं:

"रविवारी दुसऱ्या अंकात श्वेता सामंत एक वाक्य वडिलांना ऐकू जाणार नाही इतकं हळू बोलली, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचलं."